बर्फखान्याची वाटचाल

बोटीवर यंत्र नसताना अन्नपाणी गार ठेवायचे, तर थंडावा किनाऱ्यावरूनच बरोबर घ्यावा लागतो आणि मुक्काम येईपर्यंत जपावा लागतो. हे जपण्याचे काम ज्या व्यवस्थेने केले ती म्हणजे बर्फखाना. बंदरावरची जाड भिंतींची कोठी हे तिचे एक अंग, तर जहाजाच्या पोटातला बर्फाचा कप्पा हे दुसरे. या संस्थेची कोणी एकाने स्थापना केली असे म्हणता येत नाही. बादशाही नावाडी, अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवर राबलेले आयरिश मजूर, मुंबईच्या पारशी पेढ्या आणि कोकण किनाऱ्यावरचे तांडेल-खलाशी अशा अनेकांचे हात तिला लागले. चार शतकांहून अधिक काळ चाललेली ही वाटचाल म्हणूनच सलग मांडून ठेवण्याजोगी आहे.

या वाटचालीची सर्वांत जुनी सविस्तर नोंद अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सापडते. अकबर बादशहाच्या पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याला आबदारखाना म्हणत. आरंभी तेथे पाणी गार करण्यासाठी सोरा वापरला जाई. एक शेर पाणी चांदीसारख्या धातूच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करायचे, दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्या मिश्रणात सुरई पाव तास फिरवायची. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे सुरईतले पाणी गार होते. १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबात गेला आणि उत्तरेच्या डोंगरांतून लाहोरला बर्फ येऊ लागला. तो तीन वाटांनी येई, पाण्यातून नावांनी, रस्त्याने गाड्यांतून आणि माणसांच्या खांद्यांवरून. यात सर्वाधिक नफा नावेच्या वाटेत होता, असे अबुल फजल स्पष्ट लिहितो. या कामावर दहा नावा होत्या आणि प्रत्येक नावेवर चार नावाडी. रोज एक नाव राजधानीला लागे. बर्फाचे गठ्ठे सहा ते बारा शेरांचे बांधले जात. हवा कशी आहे त्यावर गठ्ठ्याचे वजन ठरे. उन्हाळ्यात सर्व थरांतले लोक बर्फ वापरत आणि अमीर-उमराव तर वर्षभर. गठ्ठ्याचे वजन हवेवर ठरवणाऱ्या त्या अनाम हातांना बर्फ राखण्याचे मर्म नेमके कळलेले होते, असेच ही नोंद वाचताना वाटते.

मराठ्यांच्या अठरा कारखान्यांतही आबदारखाना होता. पण दख्खनला आणि कोकणाला हिमालयाची जवळीक नव्हती. गंगेच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या ताटल्या गवतावर मांडून बर्फाचा पापुद्रा धरवण्याची रीत होती. अलाहाबादेतील या रीतीचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मुंबईच्या हिवाळ्यात ही रीतही चालण्यासारखी नव्हती. येथे आधार होता तो माठाचा आणि ओल्या फडक्याचा. दोन्हींचे काम पाणी वाफ होऊन उडण्यावर चालते आणि ती वाफ उडायला कोरडी हवा लागते. देशावर मे महिन्यात माठातले पाणी दातांना झोंबते. किनाऱ्यावर हवाच दमट असल्याने तोच माठ अर्धे काम करतो आणि समुद्रावर तर त्याहूनही कमी. गलबतावरचे पाणी कोमट आणि खाणे सुके, हा क्रम त्यामुळेच पिढ्यान् पिढ्या चालला. मासळीला मीठ लावायचे किंवा ती उन्हात वाळवायची. सुके बोंबील, सोडे, जवळा ही कोकणची दौलत या अडचणीतूनच जन्माला आली.

या कोंडीवरचा तोडगा अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला. अमेरिकेत बॉस्टन येथे १७८३ साली जन्मलेल्या फ्रेडरिक ट्यूडर या तरुणाने घराजवळच्या तळ्यांवरचा बर्फ उष्ण प्रदेशांत विकायचे ठरवले. १० फेब्रुवारी १८०६ रोजी ‘फेवरिट’ हे जहाज सुमारे १३० टन बर्फ घेऊन कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाकडे निघाले. बॉस्टनचे व्यापारी त्याच्यावर हसले होते, पण बर्फ मुक्कामी पोहोचला. अडचण त्यानंतर आली. बेटावर तो ठेवायला जागाच नव्हती. जहाजाच्या पोटात टिकलेला माल बंदरावर वितळून गेला आणि पहिल्याच सफरीत काही हजार डॉलर बुडाले. या अपयशातून संस्थेचा पाया घातला गेला. जहाजातला कप्पा आणि किनाऱ्यावरची कोठी ही जोडी पुरी असल्याखेरीज बर्फाचा व्यवहार उभा राहत नाही, हे ट्यूडरला कळून चुकले.

पुढची वीस वर्षे कठीण गेली. अमेरिकेने परदेशी व्यापारावर घातलेली बंदी, इंग्लंडशी झालेले युद्ध आणि वाढते कर्ज यांनी धंदा वारंवार ठप्प झाला. कर्जापायी ट्यूडरला तुरुंगातही जावे लागले. तरी १८१५-१६ मध्ये त्याने क्यूबातील हवानाला दुहेरी भिंतींची कोठी बांधली आणि प्रयोग सुरू केले. भिंतींमधल्या पोकळीत काय भरावे, वितळलेले पाणी कोठून बाहेर काढावे, दार किती वेळा उघडावे याचा तो हिशेब ठेवू लागला. भाताचा तूस, लाकडाच्या ढलप्या, कोळशाची पूड असे पदार्थ पारखून पाहिल्यावर लाकडाचा भुसा सरस ठरला. मेन प्रांतातल्या लाकूड गिरण्यांत हा भुसा टाकून दिला जाई. त्याच्या कणांमध्ये हवा अडकून राहते आणि ही निश्चल हवाच उष्णतेची वाट अडवते. मात्र भुसा भिजला की त्याचा गुण जातो. वितळलेले पाणी साचू न देणे हा बर्फखान्याचा पहिला नियम झाला तो यामुळे.

याच सुमारास आणखी एक प्रयोग झाला आणि तो साफ फसला. क्यूबाहून परतणाऱ्या जहाजात लिंबे, संत्री, केळी अशी फळे १५ टन बर्फ आणि ३ टन गवत घालून न्यूयॉर्ककडे धाडली गेली. वाटेत जवळपास सगळी फळे सडली. बर्फ नुसता जवळ ठेवल्याने अन्न टिकत नाही, त्याची मांडणी यावी लागते, हे यातून दिसले. या मांडणीचे शास्त्र पुढे शंभर वर्षे घडत राहिले.

मोठी भर पडली ती १८२५ मध्ये. केंब्रिज गावच्या फ्रेश पाँड या तळ्यावर बर्फ काढण्याचे काम पाहणारा नॅथानिएल वायेथ याने घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर तयार केला. तोवर मजूर कुऱ्हाडी आणि करवतींनी वेडेवाकडे तुकडे काढत. आता तळ्यावरचे भुसभुशीत हिम खरवडून काढले की घोडा सरळ रेघा आखत जाई, आडव्या-उभ्या चरांनी सगळे तळे चौकटींत विभागले जाई आणि एकसारख्या लाद्या पहारीने सुट्या करून पाण्यावरून कोठीकडे ढकलल्या जात. टनामागचा खर्च सुमारे ३० सेंटांवरून १० सेंटांपर्यंत उतरला. पण खर्चापेक्षाही मोठा लाभ दुसराच होता. एकसारख्या लाद्या एकमेकींना घट्ट बिलगून बसतात, मध्ये हवेला फट राहत नाही. गोदामात किंवा जहाजात रचलेल्या शेकडो लाद्या मिळून बर्फाचा एकच प्रचंड ठोकळा होतो. ठोकळ्याची बाजू दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो, पण बर्फ आठपट मावतो. उष्णता शिरते ती पृष्ठभागातून. म्हणून रास जितकी मोठी तितकी तिची झीज प्रमाणात कमी. समुद्रापार जाणाऱ्या बर्फाचे सारे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

हिंदुस्थानची वाट खुली झाली ती रिकाम्या जहाजांमुळे. बॉस्टनहून कलकत्त्याला जाणाऱ्या जहाजांना न्यायला फारसा माल नसे. तोल सांभाळण्यासाठी पोटात दगड भरून ती जात आणि परतताना नीळ, कातडी, सोरा असा माल भरून येत. सॅम्युएल ऑस्टिन या व्यापाऱ्याने दगडांच्या जागी बर्फ न्यावा अशी सूचना केली. ट्यूडर, ऑस्टिन आणि विल्यम रॉजर्स अशी भागीदारी झाली. तळ्याचा बर्फ फुकटाचा, भुसा आणि चामडे कमावून उरलेली साल टाकाऊ, आणि जहाजातली जागाही एरवी वाया जाणारी. तीन निरुपयोगी गोष्टी एकत्र आणून इतका मोठा व्यवहार उभा केल्याचे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात विरळाच.

१२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. जहाजाच्या पोटाला फळ्यांचे दुहेरी अस्तर होते, पोकळीत साल ठासलेली होती आणि बर्फाच्या राशीवर गवताचा जाड थर होता. ते झाकण वाटेत उघडायचे नाही, असा दंडक. केप ऑफ गुड होपला वळसा, दोनदा विषुववृत्त आणि वर उष्ण कटिबंधातला उन्हाळा. चार महिन्यांनी, सप्टेंबरात, जहाज हुगळीत शिरले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. चार महिन्यांत ८० टन गेले, म्हणजे रोज पाऊण टनाच्या आत. ज्या जहाजावर थंडावा निर्माण करणारे एकही साधन नव्हते, त्याने पृथ्वीला अर्धा फेरा घालून निम्म्याहून अधिक बर्फ हाती दिला. हा या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत अभिमानाचा दिवस म्हणावा लागेल.

कलकत्त्याने या मालाचे मनापासून स्वागत केले. सरकारने बर्फावरची जकात माफ केली, दिवसाचे ऊन टाळून रात्री माल उतरवण्यास परवानगी दिली आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी रॉजर्सला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेला भेट दिला. शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून कोठी बांधली. मार्टिनिकला जे नव्हते ते येथे जहाजामागोमाग उभे राहिले. त्यानंतरच्या सफरींत बर्फाच्या सोबतीने पिंपांत भरलेली सफरचंदे, लोणी आणि चीजही येऊ लागले. क्यूबाच्या फळांच्या वेळी जे साधले नव्हते ते आता साधले. चार महिन्यांच्या प्रवासात जहाजावर ताजे अन्न टिकवता येते हे सिद्ध झाले. ट्यूडरच्या वैयक्तिक इतिहासातही हा धागा निर्णायक ठरला. कॉफीच्या सट्ट्यात त्याच्यावर दोन लाख डॉलरांहून अधिक कर्ज चढले होते; ते फिटले त्यात हिंदुस्थानच्या बर्फाचा मोठा वाटा होता.

मुंबईला पहिला बर्फ १८३४ मध्ये आला. अमेरिकी व्यापाऱ्यांचे मुंबईतले दलाल म्हणून वाडिया घराण्यातील नसरवानजी माणेकजी यांच्या पेढीचा लौकिक होता, आणि शहरात बर्फ आणण्याचे श्रेय याच घराण्यातील जहांगीर नसरवानजी यांना दिले जाते. दर पौंडाला चार आणे होता. त्या काळच्या मजुराच्या कमाईकडे पाहता हा चैनीचा माल होता, हे मान्य करायला हवे. जमशेटजी जीजीभाई यांनी त्याच वर्षी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाल्याचे ‘मुंबई समाचार’ने छापले. बातमीचा सूर काहीही असो, शहराने बर्फ आपलासा केला. १८४० च्या दशकात गोदीजवळ बर्फखान्याची इमारत झाली. आज नौदलाच्या गोदीच्या लायन गेटसमोर जेथे कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी आहे, ती हीच जागा. मद्रासला समुद्रकिनारी १८४२ मध्ये ट्यूडरने वर्तुळाकार कोठी बांधली. अशा रीतीने सुमारे दहा वर्षांत हिंदुस्थानच्या तिन्ही मोठ्या बंदरांत बर्फखाने झाले.

या कोठ्यांवर रोजचे काम कसे चालत असेल याची कल्पना बांधकामावरूनच येते. भिंती दुहेरी आणि जाड, खिडक्या जवळपास नाहीत. तळाला उतार असे, म्हणजे वितळलेले पाणी मोरीकडे वाहून जावे. जहाज धक्क्याला लागले की हमालांची रांग लागे आणि लाद्या शक्य तितक्या कमी वेळात आत जात, कारण उन्हात गेलेला प्रत्येक तास तोट्याचा. पेढीचा हिशेबनीस, गोदीतला हमाल, पहाटे घरोघरी बर्फ नेणारा नोकर यांतल्या बहुतेकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. मात्र त्यांनी हात आखडला असता तर समुद्रापार टिकलेला बर्फ गोदीतच पाणी झाला असता. तापाच्या रुग्णाच्या कपाळावर ठेवायला बर्फ मिळू लागला आणि डॉक्टरांनीही त्याचा पुरस्कार केला, तेव्हा या व्यवहाराला चैनीपलीकडचा अर्थ आला. जहाज लांबले की शहरात बर्फाचा दुष्काळ पडे.

अमेरिकेच्या बाजूला हाच काळ भरभराटीचा होता. १८४१ मध्ये तळ्यांवरून बॉस्टनच्या धक्क्यापर्यंत बर्फ आणण्यासाठी खास लोहमार्ग झाला. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावर शंभर आयरिश मजूर उतरले. तळ्याकाठी राहणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरोने त्या कामाची नोंद आपल्या ‘वॉल्डन’ (१८५४) या ग्रंथात केली असून या बर्फाच्या ग्राहकांत मद्रास, मुंबई आणि कलकत्ता यांची नावे घेतली आहेत. चांगल्या दिवशी हजार टन बर्फ निघे. तेथे गवत आणि फळ्यांनी झाकून ठेवलेली दहा हजार टनांची एक रास पुढच्या जुलैत उघडली तरी सप्टेंबर १८४८ पर्यंत पुरती वितळली नव्हती, असे तो सांगतो. गवत आणि मोठी रास यांच्या सामर्थ्याचा याहून बोलका दाखला नाही. १८५६ मध्ये बॉस्टनहून सुमारे १,४६,००० टन बर्फ जगभर गेला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये ट्यूडरचे निधन झाले. तोवर बर्फ करणारी यंत्रे जगात आली होती. मद्रासला १८७४ मध्ये इंटरनॅशनल आइस कंपनी आणि कलकत्त्याला १८७८ मध्ये बेंगाल आइस कंपनी सुरू झाली. कारखान्यातला बर्फ स्वस्त आणि रोजचा, त्यामुळे १८८० नंतर थोड्याच वर्षांत तळ्याचा बर्फ हिंदुस्थानात येणे थांबले. कलकत्त्याची आणि मुंबईची कोठी पाडली गेली. मद्रासची तेवढी राहिली. तिचे निवासस्थानात रूपांतर झाले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद तेथे नऊ दिवस राहिले. १९६३ मध्ये तिला विवेकानंदर इल्लम हे नाव मिळाले. चेन्नईकर त्या भागाला अजून आइस हाउस म्हणतात.

येथे बर्फखाना संपला असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो किनाऱ्यावरून बोटीत गेला. कारखान्यांनी बर्फ बनवण्याचा प्रश्न सोडवला, पण समुद्रात आठ-आठ दिवस राहणाऱ्या मासेमारी बोटीवर तो कारखाना नेता येत नव्हता. तेथे अजूनही बर्फ बरोबर न्यावा आणि राखावाच लागणार होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कोकणातल्या बहुतेक होड्या शिडावर चालत आणि किनाऱ्याच्या टापूतच मासेमारी करत. पहाटे निघालेली होडी भरतीबरोबर परतली की मासळी थेट बाजारात जाई. लांबची मासळी मात्र सुकवावी किंवा खारवावी लागे. स्वातंत्र्यानंतर बोटींना इंजिने आली आणि पल्ला वाढला. पल्ला वाढला तसा बर्फ अपरिहार्य झाला. केरळात नींदकरा येथे १९५३ मध्ये सुरू झालेल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाने यांत्रिक बोटी, बर्फाचा कारखाना आणि मासळीची उष्णतारोधक वाहतूक एकत्र आणून दाखवली. १९५७ मध्ये कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि मासळी टिकवण्याच्या पद्धती, उष्णतारोधक पेट्या, बोटीतल्या कप्प्यांची रचना यांवर शास्त्रीय संशोधनाला देशात हक्काचे ठिकाण मिळाले.

मुंबईत या टप्प्याचे केंद्र ससून डॉक झाले. अल्बर्ट ससून यांनी १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी मुळात कापसाच्या व्यापारासाठी होती. आज पहाटेच्या अंधारात ती मासळीच्या लिलावाने जागी होते. सफरीवर निघायच्या आधी बोटीला तीन गोष्टी लागतात: डिझेल, पाणी आणि बर्फ. कारखान्यातून आलेल्या लाद्या यंत्रात टाकल्या जातात आणि त्यांचा चुरा पन्हळीतून बोटीच्या पोटात ओतला जातो. ओतण्याच्या त्या थोड्या वेळातही बर्फाची नासाडी होते, म्हणून खलाशी घाई करतात. हातातल्या फावड्याने चुरा कोपऱ्यांत सारून दाबत जातात, म्हणजे आत हवेचे खिसे राहू नयेत. एकोणिसाव्या शतकात लाद्या बिलगून रचण्याचे जे तत्त्व होते, तेच येथे फावड्याने पाळले जाते.

कप्प्याची रचनाही त्याच वंशातली आहे. लाकडी बोटीच्या कुशीला आतून थर्माकोल किंवा फेस भरलेले फलक लावून वर फायबरचे अस्तर दिले जाते. सालीची आणि भुशाची जागा फेसाने घेतली. काम एकच, अडकवून ठेवलेल्या हवेने उष्णता रोखणे. मासळी रचण्याची पद्धत ठरलेली आहे. तळाला बर्फाचा जाड थर, त्यावर मासळीचा एक थर, त्यावर पुन्हा बर्फ, आणि कुशीच्या भिंतीशी मासळी कधी टेकू द्यायची नाही. तेथे बर्फच असला पाहिजे, कारण बाहेरच्या कोमट समुद्राची ऊब तेथूनच येते. उष्ण प्रदेशात मासळीइतकाच बर्फ, म्हणजे एकास एक, हे प्रमाण मानले जाते. मोठ्या सुरमईच्या किंवा रावसाच्या पोटातली आतडी काढून तेथे बर्फ भरला तर मासा आतूनही लवकर गार होतो. वितळलेले पाणी तळाच्या खाचेत उतरते आणि पंपाने बाहेर टाकले जाते. हे पाणी बर्फाहून कमी कामाचे नाही, कारण चुऱ्यातून झिरपणारे गार पाणी माशाच्या अंगावरून वाहते तेव्हाच उष्णता झपाट्याने उतरते. पण ते साचले की मासळी नासते.

एक किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता घेतो, तितक्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. बर्फाचे मोल इतके आहे ते त्याच्या गारपणापेक्षा या वितळण्यामुळे. म्हणूनच तांडेलाला बर्फ संपण्याआधी परतायचे असते. टाकीत डिझेल असले आणि जाळ्यात मासळी येत असली, तरी कप्प्यातला बर्फ पाहून सफरीचे दिवस ठरतात. त्याच कप्प्याच्या एका कडेला खलाशांचे पिण्याचे पाणी आणि भाजीपाला ठेवण्याची सोय होते. किनाऱ्यापासून कित्येक मैलांवर दुपारच्या वेळी मिळणारा गार पाण्याचा पेला त्यांच्या कष्टाच्या मानाने छोटी सुविधा आहे, पण ती त्यांनी स्वतः रचलेल्या बर्फातूनच येते.

मासळी धक्क्याला आली की हा व्यवहार आणखी हातांत जातो. कोळी स्त्रिया मासळी निवडतात, कोळंबी सोलतात, पाटीत खाली-वर बर्फ घालून बाजार गाठतात. लिलावात भाव ठरताना मासळीचे डोळे, गलफडे आणि अंगाचा ताठपणा पाहिला जातो. या तिन्ही खुणा बोटीवर बर्फ कसा घातला गेला याचाच निकाल सांगतात. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, सातपाटी, वर्सोवा या बंदरांवर बर्फाचे कारखाने आणि बोटी एकमेकांच्या आधाराने चालतात. वीज गेली की कारखाना अडतो, कारखाना अडला की बोट किनाऱ्याला खोळंबते आणि तिच्यावर अवलंबून असलेली घरे खोळंबतात. ही अडचण जुनी आहे आणि अजून पूर्णपणे सुटलेली नाही.

मोठ्या बोटींवर समुद्राचे पाणी यंत्राने थंड करून त्यात मासळी ठेवण्याची पद्धत आली आहे. बर्फ आणि पाण्याचा दाट लगदा करून मासळी त्यात बुडवण्याचे तंत्रही वापरात येत आहे. तरी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या बहुसंख्य बोटींना अशा यंत्रांना लागणारी जागा, डिझेल आणि खर्च परवडत नाही. त्यांचा भरवसा आजही कारखान्याच्या लादीवर, उष्णतारोधक कप्प्यावर आणि ती रचणाऱ्या हातांवर आहे. पश्चिम किनाऱ्यावर साधारणतः १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात बोटी वर ओढल्या जातात, फुटलेले अस्तर बदलले जाते, कप्प्यांच्या फटी बुजवल्या जातात, पाणी उतरण्याच्या खाचा साफ होतात. नारळी पौर्णिमेच्या आसपास हंगाम उघडतो आणि बर्फाच्या कारखान्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. त्या दिवसांत कारखान्यातला कामगार, बर्फ फोडणारा, गाडीवाला आणि कप्प्यात उतरलेला खलाशी यांना रात्र आणि दिवस यांत फरक करता येत नाही, इतके काम असते.